पहाटेची धाव आणि मोडलेला बेत

ठरलं होतं पावणेसहाला. हिंगोलीतून औंढ्याकडे निघालं की जी शेवटची चहाची टपरी लागते, तिथे भेटायचं, आठ किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. जानेवारीचा पहिला आठवडा होता, आभाळ निरभ्र होतं, रस्ता मोकळा होता. मी वेळेवर पोचलो. दोस्त आला सहा वाजून दहा मिनिटांनी. डोळे तांबारलेले, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"रातची लाईन होती गड्या. गव्हाला पाणी देऊन तीनला टेकलो. फोन लावणार होतो, पण म्हणलं तू येऊन थांबला असशील."

रब्बीतलं गाव ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की माणूस थंडीत, ओल्या पायांनी, हातात बॅटरी घेऊन दारं धरत फिरतो. दोस्त तीन तासांच्या झोपेवर आला होता, आणि तेही केवळ शब्द दिला होता म्हणून. आमचा बेत खरं तर तिथेच मोडला होता. ते कळायला आम्हाला आणखी सहा किलोमीटर लागले.

थंडीत पळण्याविषयी जे सल्ले वाचायला मिळतात, ते बहुतेक एकट्या माणसाला उद्देशून असतात आणि सगळं सुरळीत पार पडेल असं गृहीत धरतात. आपल्याकडे मात्र पहाटे पळणारे बहुधा जोडीने पळतात, आणि सगळं सुरळीत पार पडतंच असं नाही. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर हिवाळ्याच्या पहाटे जा, भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी दोघं-दोघं, तिघं-तिघं पळताना दिसतील. जिल्हा पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. त्यातले २० गुण एका धावेचे: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. राखीव दलासाठी ५ किलोमीटर पळावं लागतं. काही सेकंदांच्या फरकाने दोन गुण जातात, आणि दोन गुणांनी नोकरी जाते. मग बिचारी पोरं थंडी म्हणत नाहीत, धुकं म्हणत नाहीत.

त्यांच्यासाठी आणि आमच्यासारख्या हौशी लोकांसाठीही थंडीची पहाट नेमकी कशी असते ते आधी पाहू. सर्वांत जास्त गारठा मध्यरात्री किंवा पहाटे चारला असतो असा बहुतेकांचा समज असतो. तसं नसतं. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते आणि सूर्य उगवून तिला पुन्हा ऊब मिळू लागेपर्यंत ही गळती चालूच राहते. म्हणून पारा सर्वांत खाली असतो तो सूर्योदयाच्या सुमारास, किंबहुना त्यानंतरच्या थोड्या वेळात. साडेपाचला निघालेल्या माणसाला वाटतं, आता हळूहळू उबारा येईल. प्रत्यक्षात पुढचा तासभर हवा गारच होत जाते.

दुसरी फसवणूक सूर्योदयाची. २२ डिसेंबर सरला की दिवस मोठा होऊ लागतो हे शाळेत शिकलेलं असतं, म्हणून उजेडही लवकर होऊ लागेल असं आपण धरून चालतो. पण दिवसाची ती वाढ आधी संध्याकाळच्या बाजूने होते. आपल्या भागात सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. हिंगोलीत डिसेंबरच्या त्या सर्वांत लहान दिवशी सूर्य साधारण पावणेसातनंतर पाचेक मिनिटांनी उगवतो, आणि संक्रांतीच्या दिवसांत जवळजवळ सात वाजतात. डिसेंबरमध्ये बसवलेली पळण्याची वेळ संक्रांतीपर्यंत तशीच ठेवली, तर पळणारा दर आठवड्याला थोडा थोडा जास्त अंधारात पळत असतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

तिसरी गोष्ट सखल जागांची. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळते आणि ओढ्यांत, नाल्यांत, नदीकाठच्या खोलगट शिवारात साचते. कयाधूच्या काठाने किंवा कालव्याखालच्या भिजवलेल्या शिवारातून जाणाऱ्या रस्त्यावर पळताना हे अंगाला कळतं. चढावर हवा सुसह्य असते. नळकांडी पुलाकडे उतरलो की कुणी गार ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखं होतं. धुकंही तिथेच साचतं. त्या दिवशी आम्ही अशा एका उतारावर पोचलो तेव्हा समोरचा पांढरा पट्टा दहा-पंधरा पावलांच्या पुढे दिसेनासा झाला.

पळायला ही हवा वाईट नाही, उलट उत्तम आहे. मोठ्या मॅरेथॉनच्या निकालांचे जे अभ्यास झाले आहेत त्यांत चांगल्या वेळा सापडतात त्या दहा अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून थोड्या गार हवेत. कारण साधं आहे. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा पाय पुढे टाकण्यात खर्च होतो. उरलेली उष्णता बनते. पळताना माणूस दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी जाळतो. म्हणजे ६० किलोचा माणूस ताशी १० किलोमीटरने पळाला तर तासाला ६०० किलोकॅलरी, आणि त्यातल्या साडेचारशे नुसती उष्णता. मे महिन्यात ही उष्णता अंगाबाहेर काढता काढता जीव जातो. जानेवारीत गार हवा ती आयती उचलून नेते.

पण हा सगळा हिशोब पळत असेपर्यंतचा. थांबलात की भट्टी विझते. स्वस्थ बसलेलं तेच शरीर तासाला सत्तरेक किलोकॅलरी उष्णता तयार करतं, म्हणजे मघाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी. आणि अंगावर असतो घामाने भिजलेला सुती शर्ट. एक लिटर घाम वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. शर्टात पावशेराच्या आतबाहेर, धरा २०० मिलिलिटर, घाम मुरला असेल तर तो वाळायला ११५ किलोकॅलरी हव्यात. सगळी नाही तरी बरीचशी उष्णता तुमच्या अंगातून घेतली जाते. बसलेल्या शरीराची दीड तासाची ही कमाई. शिवाय पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला कपडा अंगाला चिकटला की तो पांघरूण राहत नाही. दहा अंशांतही माणूस कुडकुडू लागतो तो यामुळे. हिवाळी धावेतला खरा धोका पळण्यात नाही, अचानक थांबावं लागण्यात आहे.

आणि आम्हाला थांबावं लागलं.

सहा किलोमीटर झाले होते. समोरून उसाची जोड-ट्रॉली आली. ट्रॅक्टरचा दिवा एकच, तोही पूर्ण उंचावर मारलेला. धुक्यात तो प्रकाश थेंबांवर फुटून डोळ्यांसमोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली. दोस्त डांबराच्या कडेला सरकला. नेमका तिथेच डांबराचा थर संपून चार-पाच बोटांची पायरी पडलेली होती. पाय आतल्या बाजूला वळला आणि तो जागीच बसला. ट्रॉली निघून गेल्यावर त्याच्या पहिल्या शब्दांत वेदनेपेक्षा ओशाळेपणा जास्त होता: "तुझा बी खेळखंडोबा केला ना मी."

जागरणाचा इथे मोठा वाटा होता. पाय वाकडा पडला की घोट्याभोवतीच्या नसा मेंदूला कळवतात आणि स्नायू क्षणार्धात पाय सावरतात. झोप कमी झाली की हे सावरणं मंदावतं. थंडीनेही मंदावतं, कारण गार पडलेल्या भागात नसांमधून संदेश सावकाश जातो. स्नायूंचं तापमान एका अंशाने घसरलं तर त्यांचा जोर साधारण चार-पाच टक्क्यांनी कमी होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून थंडीत पहिली दहा-पंधरा मिनिटं सावकाश पळणं, जागेवर गुडघे उचलणं, घोटे फिरवणं टाळता येत नाही. उशीर झाला होता, म्हणून आम्ही ते टाळलं होतं. चूक माझी जास्त, कारण मी पंचवीस मिनिटं उभ्याउभ्या गार पडलो होतो आणि मलाच निघायची घाई झाली होती.

पाय मुरगळल्यावर हाड मोडलं आहे का, हे रस्त्यावर कसं ओळखायचं? कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी एक सोपी कसोटी मांडली, आणि ती आज जगभर वापरली जाते. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे जे उंचवटे असतात त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर बोटाने दाबून पाहायचं. मग पायाच्या बाहेरच्या कडेला मधोमध हाताला लागणारं हाड आणि आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढे असलेलं हाड दाबायचं. यातल्या कुठल्याही हाडावर कळ आली, किंवा लंगडत का होईना चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. दोस्ताने माझ्या खांद्याला धरून चार पावलं टाकली. दुखत होतं ते हाडाच्या खाली आणि पुढे, मऊ भागात. तिथले अस्थिबंध ताणले जातात; मुरगळण्यात सर्वांत जास्त सापडतात ते हेच.

आपल्याकडे अशा वेळी पाय चोळून घ्यायची, एखाद्या जाणत्याकडून ओढून 'बसवून' घ्यायची फार सवय. पहिले दोन-तीन दिवस हे करू नये. आत तंतू फाटलेले असतात, रक्त साकळत असतं. चोळण्याने, शेकण्याने सूज वाढते. पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा, दुखेल इतका भार टाकू नये. आंबेहळदीचा लेप लावायचा असेल तर हलक्या हाताने लावा, रगडू नका.

पण हे घरी पोचल्यावरचं. त्या घडीला त्याला घोट्यापेक्षा थंडीने जास्त गाठलं होतं. पाचच मिनिटांत दात वाजायला लागले. कुडकुडणं म्हणजे शरीराने स्वतःहून पेटवलेली शेकोटी. त्याने उष्णता काही पटींनी वाढते. तोवर घाबरायचं कारण नाही. काळजी करायची ती बोबडी वळू लागली, बोटांना चेन लावता येईना, माणूस विचारलेल्याचं उत्तर भलतंच देऊ लागला की. माझ्या कमरेला एक पातळ विंडचीटर गुंडाळलेलं होतं. त्याचा ओला बनियन काढायला लावला, विंडचीटर त्याच्या अंगावर चढवलं. दूध घालून परतणारा एक मोटारसायकलवाला थांबला. त्याच्या मोकळ्या कॅनच्या झोळीत कालचं वर्तमानपत्र होतं. ते दोस्ताने छातीशी धरून वरून चेन ओढली. घाटातून उतरण्यापूर्वी सायकलपटू जर्सीखाली कागद कोंबतात ती ही जुनी युक्ती. कागद वारा अडवतो आणि घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो. दूधवाल्याने त्याला मागे बसवलं आणि हिंगोलीकडे नेलं.

मी सहा किलोमीटर एकटा परत आलो, पळत-चालत. वाटेत मनात एकच प्रश्न होता. तो तीन तासांच्या झोपेवर का आला? तो का आला, हे विज्ञानाला काही प्रमाणात ठाऊक आहे. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकी संशोधकाने सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या आणि एकट्याने घड्याळाविरुद्ध जाणाऱ्यांपेक्षा सोबत असलेले वेगवान असतात हे दाखवलं. १९२०च्या दशकात ऑटो कोहलर यांनी बर्लिनच्या नौकाविहार मंडळातल्या खेळाडूंना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याने, मग जोडीने एकच जड दांडा धरून. जोडीत दोघांपैकी जो कमजोर होता तो एकट्यापेक्षा जास्त वेळ तग धरून राहिला, कारण त्याने सोडलं की दोघांचंही संपणार होतं. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या नावाड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला: तोच सराव एकट्याने केल्यानंतर आणि संघाने मिळून केल्यानंतर. संघासोबत केलेल्या सरावानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद स्पष्टपणे जास्त भरली. सोबत कष्ट करताना मेंदूत वेदनाशामक द्रव्यं जास्त पाझरतात असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

जोडीने पळण्याचे फायदे सांगताना हे प्रयोग हमखास सांगितले जातात. मला त्यांत दुसरी बाजूही दिसते. जोडीतला कमजोर गडी जास्त ताणतो, त्याला दुखणं कमी जाणवतं, आणि 'थांबू या' म्हणायला तो शरमतो. चांगल्या दिवशी हेच बळ असतं. जागरण, ताप, धुकं असलेल्या दिवशी त्याच बळामुळे माणूस नको तितका पुढे जातो. म्हणून माझं ठाम मत असं झालं आहे की जोडीने पळणाऱ्यांनी बेत मोडण्याची रीत घरून ठरवून निघावं. आमची आता ठरली आहे. दोघांपैकी कुणी 'बस' म्हणालं की दोघंही तिथूनच वळायचं, कारण विचारायचं नाही. वेग मागच्याचा. गावातल्या गोष्टी पूर्ण वाक्यांत सांगता येतील इतकाच. धाप लागून वाक्य तुटू लागलं की वेग जास्त झाला. ठरल्या वेळेपासून दहा मिनिटांत जोडीदार आला नाही तर उभं राहायचं नाही, टपरीभोवतीच फेऱ्या मारत अंग गरम ठेवायचं. आणि रात्रीच्या लाईनच्या आठवड्यात पहाटेची धाव नाही, संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या मैदानावर.

हे शेवटचं भरतीच्या पोरांना पटत नाही. एक दिवस चुकला की सगळं गेलं असं त्यांना वाटतं. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की भरतीचं वेळापत्रकही आपल्या बेताने चालत नाही. राज्यातल्या एका भरतीची मैदानी चाचणी २ जानेवारी २०२३ला, ऐन थंडीत सुरू झाली. त्यानंतरच्या भरतीची १९ जून २०२४ला, पावसाळा सुरू होत असताना, आणि काही ठिकाणी चिखलामुळे तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. ज्याचा सराव एका ठराविक पहाटेवर, एका ठराविक रस्त्यावर अडकलेला आहे, त्याची अशा वेळी अडचण होते.

बेत मोडला म्हणून सगळं संपत नाही, यासाठी आपल्याच मराठवाड्यातला अविनाश साबळे आठवावा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि त्यानंतर, २०१५च्या सुमारास, खऱ्या अर्थाने शर्यतींकडे वळला. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूशी झालेल्या धडकाधडकीने त्याची लय तुटली आणि तो थेट पात्र ठरला नाही. भारताने दाद मागितली, त्याला अंतिम फेरीत घेतलं गेलं, आणि तिथे त्याने ८ मिनिटं २१.३७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवून ऑलिंपिकची पात्रता मिळवली. क्रमांक तेरावा होता. पुढे २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं.

दोस्त तिसऱ्या आठवड्यात चालायला लागला, पाचव्यात हळू पळायला. आधी मातीच्या सपाट मैदानावर, मग डांबरावर. एका पायावर डोळे मिटून अर्धा मिनिट उभं राहण्याचा व्यायाम तो दात घासताना करतो; मुरगळलेल्या घोट्याची हरवलेली जाण परत आणायला हा सोपा आणि चांगला उपाय आहे. आम्ही दोघंही आता रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरच्या वाहनाकडे तोंड करून पळतो, आणि पाठीवर चकाकणारी पट्टी लावतो. ती पट्टी वीस-तीस रुपयांत मिळते.

तशीच पट्टी ट्रॉलीलाही लावता येते. वसमत-औंढ्याकडचा ऊस होळीच्या आगेमागेपर्यंत या रस्त्यांवरून जात राहील, आणि पोरं पळत राहतील. ट्रॅक्टरमालकांनो, ट्रॉलीच्या मागे-पुढे लाल-पांढऱ्या पट्ट्या लावा आणि दोन्ही दिवे दुरुस्त करून घ्या. आणि पहाटे गाडी घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाने, समोर दोन आकृती पळताना दिसल्या की दिवा खाली घ्यावा.